फ्रीजमधले मृत्युलेख

शुक्रवारी दुपारी इस्रायलमधल्या ब्नेई ब्राक या कर्मठ ज्यूंच्या गावातली माणसं शनिवारच्या शब्बाथची खरेदी हाताला लटकावून घराकडे पळत सुटली, की पेर्ल लुस्टिगमन माणसं मारायला बसायची. हा विनोद तिच्या ऑफिसातल्या मझालचा. पेर्ल स्वतः विनोद करीत नसे. ती त्याला फ्रीज भरणं म्हणायची.

विग विकणाऱ्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत 'मिरपेसेत' चालायचं. मिरपेसेत म्हणजे बाल्कनी. या गावात बातमी नेहमी बाल्कनीतूनच फिरत आली होती, वाळत घातलेल्या चादरींवरून समोरच्या बाईच्या कानात. एल्काना वर्टझबर्गरने ती बाल्कनी इंटरनेटवर नेऊन ठेवली. आधी तो लग्नाच्या हॉलच्या जाहिराती विकायचा. मग त्याने फोनवर बातम्या ऐकवणारा एक नंबर काढला, आणि त्यातून ही साइट निघाली. पहिल्या वर्षी तिच्यावर कुठल्या रब्बीच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, नातवाचं कुठे जमलं आणि कोणाची अंत्ययात्रा कुठून निघणार, एवढंच असायचं. रब्बींनी इंटरनेट निषिद्ध ठरवलं. गल्लोगल्ली भिंतींवर जाड काळ्या अक्षरांची पत्रकं लागली, की ही बाल्कनी नव्हे, नरकाचा उंबरठा आहे. ज्यांनी पत्रकं चिकटवली त्यांनीच त्यांचे फोटो काढून साइटकडे धाडले आणि खाली आमचं नाव नीट टाका म्हणून कळवलं. त्या दिवशी एल्कानाला कळलं की आपल्या पोटाची सोय झाली. जी साइट गावात कोणीच वाचत नव्हतं, ती तीन वर्षांत रोज चाळीस हजार माणसं वाचू लागली.

पेर्ल तिची संपादक होती. साइटवर तिचं नाव 'अ. नफ्ताली'. बाईचं नाव छापायचं नाही हा तिथला रिवाज होता आणि पेर्लला तो सोयीचा होता. नवरा झुंडेल दिवसभर धर्मग्रंथ शिकायला बसे, घर तिच्या पगारावर चाले. घरात संगणक नव्हता. कोणी विचारलंच, तर ती 'एका जाहिरातीच्या ऑफिसात हिशेब लिहिते' म्हणायची आणि ऑफिसात मागच्या जिन्याने शिरायची. इंटरनेटवर काम करणाऱ्या बाईच्या मुलीला बरं स्थळ येत नाही, हे तिला सांगायला कोणाची गरज नव्हती. तिची हिंदा एकोणीस वर्षांची होती, आणि त्या उन्हाळ्यात तिला रब्बी फिशेल लिवरंट यांच्या नातवाचं स्थळ आलं होतं. लिवरंटांच्या येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, मुलाला जागा मिळावी म्हणून लोक वर्षवर्ष खेटे घालायचे. त्या घरात मुलगी जाणं म्हणजे काय, ते झुंडेल रात्री झोपेतसुद्धा पुटपुटायचा.

मुलगामुलगी तीनदा भेटली होती. पुढच्या गुरुवारी ताटली फुटायची होती. साखरपुड्याला दोन्ही आया मिळून चिनीमातीची एक ताटली फोडतात. एकदा फुटली की पुन्हा जुळत नाही आणि ठरलेलं मोडत नाही.

तोवर कोणाच्या कानावर काही जाऊ नये, एवढंच पेर्लचं मागणं होतं.

"आज किती?" मझालने विचारलं.

"एकच. रब्बी शब्सी गर्बर. फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टर म्हणतायत उद्या-परवा."

"थू थू थू." मझालने टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात तीनदा थुंकल्यासारखं केलं. "माझी आजी म्हणायची, जिवंत माणसाच्या मरणाचं बोलू नये, सैतान कान देऊन असतो. तू तर त्याला ताट वाढून ठेवतेस."

मझाल झगुरी प्रतिक्रिया तपासायची. बातमीखाली वाचक जे काही लिहीत, ते आधी तिच्या पडद्यावर यायचं. ती वाचून एक तर सोडायची, नाहीतर पुसायची. पार्देस कात्झ या गरीब वस्तीत राहायची, मोरोक्कन घरातली, चार मुलींची आई. हसताना तिचा आवाज खालच्या विगवालीपर्यंत पोचायचा.

फ्रीजशिवाय धंदा चालला नसता. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ; त्यात लिहायचं नाही, गाडीत बसायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. शुक्रवारी मेणबत्त्या लावायचा भोंगा व्हायच्या आधी साइट बंद व्हायची आणि पडद्यावर नुसत्या दोन मेणबत्त्यांचं चित्र राहायचं. शनिवारी तारे दिसले की ती उघडायची. आख्खा दिवस बातमीला भुकेलेलं गाव उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात तुटून पडायचं, आणि त्या अर्ध्या तासात जी साइट पुढे, तिच्याकडे वाचक आठवडाभर टिकायचे. समोरच्या, स्पर्धेतल्या साइटवाल्यांनीही हे हेरलं होतं. म्हणून आजारी रब्बींचे मृत्युलेख शुक्रवारीच लिहून 'फ्रीज' नावाच्या फोल्डरात तयार असायचे. शनिवारी फक्त वार बदलायचा.

पेर्लने गर्बरांचा जन्म, गुरू, ग्रंथ, शिष्य सगळं मांडलं. शेवटी तिने नेहमीचं वाक्य टाकलं: 'चारही मुलगे उशाशी उभे असताना, ओठांवर प्रार्थना घेऊन त्यांनी डोळे मिटले.' हे वाक्य तिने आजवर अनेकांना दिलं होतं. मुलग्यांचा आकडा तेवढा बदलायचा.

"सगळ्यांचे मुलगे उशाशीच कसे गं असतात?" मझाल मागून वाचत होती. "माझा बाप गेला तेव्हा आम्ही सात भावंडं. उशाशी फक्त टीव्ही चालू होता."

"तुझा बाप रब्बी नव्हता."

"ते खरं. पण फुटबॉल बघत गेला. तोंडावर हसू होतं."

दोघी हसल्या. मग पेर्लने फाइल फ्रीजमध्ये टाकली, दिवे बंद केले आणि दोघी आपापल्या कोंबड्या शिजवायला घरी गेल्या.

शनिवारी सकाळची प्रार्थना उरकून झुंडेल आला तो टोपी न काढताच म्हणाला, "गर्बर गेले. पहाटे."

पेर्ल बटाट्याचं कुगेल कापत होती. "देव न्यायी आहे," ती म्हणाली, जसं म्हणायचं असतं तसं, आणि वड्या सारख्या पडल्यात की नाही ते पाहिलं. लेख तयार आहे, एवढाच विचार तिच्या मनात आला.

संध्याकाळी झुंडेलने शब्बाथच्या निरोपाची मेणबत्ती वाइनमध्ये विझवली, तिने लवंगांचा वास घेतला आणि मागच्या जिन्याने ऑफिस गाठलं. 'आज पहाटे'चं 'शनिवारी पहाटे' केलं आणि बटण दाबलं. समोरच्या साइटवर तेव्हा दोन ओळीसुद्धा नव्हत्या. भिंतीवरच्या पडद्यावर या क्षणी वाचणाऱ्यांचा आकडा दिसायचा. तो दुधासारखा वर चढला.

गर्बरांचे अनुयायी शब्बाथ इतरांपेक्षा तासभर उशिरा सोडतात. तो तास सरला तेव्हा मझाल आली होती आणि भराभर प्रतिक्रिया सोडत होती. ती अचानक थांबली.

"पेर्ल. हे बघ."

प्रतिक्रिया गर्बरांच्या धाकट्या मुलाची होती, पूर्ण नावानिशी. 'डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, म्हणून आम्ही चौघे शुक्रवारी जेरुसलेमला परतलो. काल रात्री आणि आज सकाळी आम्ही तिथल्या प्रार्थनागृहात होतो, शेकडो लोकांनी पाहिलंय. वडील पेताह तिक्वाच्या इस्पितळात एकटे गेले. आम्ही शब्बाथच्या दिवशी गाडीत बसून त्यांच्या उशाशी गेलो, असं ज्याने छापलं त्याने समोर यावं.'

पेर्लने ती दोनदा वाचली. नेहमीचं वाक्य होतं. सोमवारी छापलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. शनिवारी तेच वाक्य चार रब्बींना शब्बाथ मोडणारे ठरवत होतं.

तिने ओळ काढली. तोवर त्या ओळीचे फोटो हजार फोनांत गेले होते, आणि असले फोन आपल्याकडे नाहीतच म्हणणाऱ्यांनी ते पाहिलेही होते. रविवारी सकाळी पीठवाल्याच्या जाहिरातीशेजारच्या भिंतीवर नवं पत्रक होतं: बाल्कनीवाल्यांनो, शब्बाथला लिहिलंत की जिवंतपणी पुरलंत?

एल्काना दारात उभा राहून बोलला. बाईमाणसाशी बोलताना दार उघडं ठेवायचं, हा नियम तो काटेकोर पाळायचा.

"लुस्टिगमनबाई, उत्तरं दोनच आहेत. शनिवारी लिहिलं म्हटलं, तर आपण शब्बाथ मोडला. जाहिराती देणारा पीठवाला गेला, हॉलवाले गेले, खालची विगवालीसुद्धा गेली. शुक्रवारी लिहिलं म्हटलं, तर जिता माणूस पुरला."

"शुक्रवारीच लिहिलं. खरं तेच आहे."

"खरं काय ते मी विचारत नाही. पचेल काय ते विचारतोय. शुक्रवार पचेल. पण कोरडा नाही पचायचा. सोबत माणूस लागेल."

"अ. नफ्तालीला काढून टाकलं म्हणा."

एल्काना हसला. "अ. नफ्तालीवर थुंकायचं कुठे? त्याला घर नाही, दार नाही, त्याची पोरं कुठल्या शाळेत जातात ते कोणाला माहीत नाही. लोकांना दार लागतं हो. दगड मारायला."

"खोलीत आम्ही दोघीच असतो."

"ते मला माहीत आहे." त्याने दाराच्या चौकटीवरची नसलेली धूळ बोटाने पुसली. "नाव मी सांगणार नाही. मी कोण? मी जाहिराती विकतो. संपादक तुम्ही. जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी लावा म्हणजे झालं." तो वळला आणि जिन्यावरून म्हणाला, "अरे हो, तुमच्या हिंदाचं गुरुवारी ना? मझल तोव, अभिनंदन! लिवरंट म्हणजे काय, सोन्याचं घर."

पेर्ल खुर्चीत बसली. ती रडली नाही, तिला रडण्याची सवय नव्हती. कुठलीही बातमी हाताळावी तशी तिने ही हाताळली. एका बाजूला हिंदा. स्थळ मोडलं तर मोडलेल्या स्थळाची मुलगी, मग तिच्या मागच्या दोघी, मग झुंडेल. दुसऱ्या बाजूला मझाल. तिची थोरली पंधराची, म्हणजे लग्नाला वेळ आहे. त्यांच्या लोकांत अशा गोष्टी लवकर विसरतात, असं म्हणतात. धाकटी ओदेलिया मात्र गेल्या वर्षी मोठ्या मुश्किलीने एका चांगल्या शाळेत लागली होती. मोरोक्कन मुलींना तिथे मोजूनमापून घेतात. त्या वेळी पेर्ल स्वतः मझालसोबत मुख्याध्यापिकेकडे गेली होती, 'घर चांगलं आहे' म्हणून शब्द टाकायला. त्यामुळे शाळेची अट तिला ठाऊक होती.

तिने दोन्ही बाजू मांडल्या आणि एक कापली.

बातमी नेटकी झाली. 'शुक्रवारी कामावर असलेल्या म. झगुरी, पार्देस कात्झ, यांनी संपादकांना न विचारता हा मजकूर तयार केला. अशी कृती आमच्या परंपरेत बसत नाही. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आहे.' मथळा तिने दोनदा बदलला. पहिला जरा मवाळ वाटला होता.

मझाल दोनला यायची. आली ती बुरेकांची, म्हणजे सारण भरलेल्या पफची, गरम पिशवी घेऊन.

"बटाट्याचे आहेत. चीजचे संपले होते, तो टक्कल्या म्हणतो उद्या ये. उद्या काय मी त्याच्याशी लग्न करू?" तिने पिशवी मधल्या टेबलावर ठेवली, पडदा उघडला आणि शीळ घातली. "बाप रे. पाचशेवर साचल्यात. आज कोणाला फाडतायत?"

पेर्लने बुरेकांची पिशवी जराशी बाजूला सरकवली.

"'झगुरीच्या गळ्यात जातं बांधा आणि समुद्रात सोडा.'" मझालने मोठ्याने वाचलं आणि खिदळली. "अगं, आमच्या चुलतसासऱ्याने परत काही केलं की काय? तो मेला सगळ्या गावाचा उधार..."

मग तिने वरची बातमी उघडली. पंखा फिरत होता. खालून विगवालीचा हेअर ड्रायर ऐकू येत होता. मझाल वाचायला हळू होती, बोट पडद्यावर ठेवून वाचायची. बोट शेवटपर्यंत गेलं आणि पुन्हा वर आलं.

"हे तू लिहिलंयस."

"हो."

"कळतंच. एक शब्द जास्त नाही."

"एल्कानाला नाव हवं होतं."

"आणि तुला माझं सुचलं."

"खोलीत आपण दोघीच होतो, मझाल."

"हो ना. दोघी." ती पडद्याकडेच बघत होती. "ओदेलियाला घेताना ती बाई काय म्हणाली होती? तू होतीस की शेजारी. चहा घेत होतीस. 'झगुरीबाई, तुमच्या घराबद्दल एक शब्द माझ्या कानावर आला, तर पोरीचं दप्तर गेटवर मिळेल.' एक शब्द म्हणाली होती."

"हिंदाचं गुरुवारी आहे."

"माहितीये मला! तिचं जमावं म्हणून चाळीस दिवस रोज स्तोत्रं कोण म्हणतंय? मी! मीच येडी."

तेवढ्या वेळात पडद्यावर आणखी वीस-तीस प्रतिक्रिया येऊन पडल्या. पेर्लच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शिव्या असतील त्या काढ. बाकीच्या सोड."

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. मझालने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू एखाद्या दुकानातली अनोळखी बाई आपल्याकडे बघून हसली की काय ते ठरवावं. मग ती खरंच कामाला लागली. सोड. सोड. काढ. सोड.

"ही बघ, ही छान आहे," ती म्हणाली. "'मोरोक्कनांना टेबल-खुर्ची दिली की असंच व्हायचं.' शिवी नाही ना यात? नाहीये. सोडते." टक. "'हिच्या मुली कुठल्या शाळेत आहेत, कोणाला माहीत आहे का?' प्रश्न आहे नुसता. प्रश्न सोडायचे, तूच शिकवलंस. प्रश्नांनी लोक भांडतात, भांडणाने आकडा वाढतो." टक. "आणि हे खालीच उत्तर आलंय. शाळेचं नाव बरोबर आहे. सोडू?"

"मझाल, पुरे."

"सोडते." टक.

तिने आपला कप उचलला, त्याच्यावर मुलींनी रंगवलेलं डाळिंब होतं, आणि निघाली. दारातून म्हणाली, "ताटली नीट फुटू दे हिंदाची." त्यात टोमणा होता की आशीर्वाद, ते पेर्लला सांगता आलं नसतं.

बुरेकांची पिशवी टेबलावरच राहिली. संध्याकाळी एल्काना आला, आकडा पाहिला आणि उभ्या उभ्या दोन बुरेक खाल्ले. साइट सुरू झाल्यापासून एवढी माणसं कधी आली नव्हती. "बघितलंत?" तो तोंड भरून म्हणाला. "दार मिळालं की येतात." दुसऱ्या दिवशी पीठवाल्याने जाहिरात मोठी केली.

मझालच्या जागेवर फ्रुमी नावाची नवी मुलगी आली. पेर्लने तिला शिकवलं: शिव्या काढायच्या, प्रश्न सोडायचे.

गुरुवारी लिवरंटांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या खोलीत पुरुष गात होते, आतल्या खोलीत बायका हेरिंग मासे आणि केक सरकवत होत्या. म्हातारे रब्बी फिशेल मधोमध खुर्चीत बसून होते. नव्वदी ओलांडलेली, पण पाठ ताठ आणि डोळे चौकस. हिंदा पुढे आली तेव्हा त्यांनी तिला आशीर्वाद दिला आणि काहीतरी गमतीचं बोलले. हिंदा लाल झाली. पेर्लला वाटलं, झालं. जमलं. आता काही होत नाही.

ताटली आणायला म्हणून मुलाच्या आईने, युटाने, तिला स्वयंपाकघरात नेलं. युटा ठेंगणी, हसरी बाई. तिने दार लोटून घेतलं आणि फडताळातून ताटली काढून पदरासारख्या पुढे धरलेल्या एप्रनने पुसली.

"विहीणबाई, तुमचा हात फार चांगला आहे हो."

"कुगेल हिंदाने केलंय," पेर्ल म्हणाली.

"कुगेलचं नाही म्हणत. लिहिण्याचं म्हणते." युटाने ताटली उजेडात धरून पाहिली. "घाबरता काय अशा? मुलं पहिल्यांदा भेटायच्या आधीच माहीत होतं आम्हाला. विगच्या दुकानावर तिसरा मजला, मागचा जिना. स्थळ बघताना आजीच्या चपलांचं मापसुद्धा विचारून घेतो आपण, आणि आईची नोकरी विचारणार नाही?"

पेर्लने ओट्याला हात टेकला. "मग तुम्ही... तरी?"

"तरी काय? म्हणूनच!" युटा हसली. "सासऱ्यांना दोन मुलगे. माझा नवरा आणि धाकटा. येशिवा कोणाकडे जाणार ते सासरे बोलत नाहीत, आणि बोलणारही नाहीत. मग ठरवणार कोण? शब्बाथ सुटल्यावर लोक पहिल्यांदा जे वाचतील ते. त्या दिवशी तुमच्या बाल्कनीवर 'थोरल्या मुलाच्या हाती धुरा' असं असलं की संपलं. नंतर धाकटा छाती पिटत बसेना का. विहीण म्हणून एवढं कराल ना?"

बाहेर गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"माझं नाव आलं असतं तर?" पेर्लने विचारलं. "त्या गर्बरांच्या वेळी. झगुरीच्या ऐवजी माझं. तुम्ही मोडलं असतं का?"

"कशाला मोडू?" युटाला खरंच आश्चर्य वाटलं. "चार दिवस लोक बोलले असते. आम्ही म्हटलं असतं, बाईचा हात चांगला आहे, जरा घाई करते एवढंच. लिवरंटांनी ठेवून घेतलं म्हटल्यावर कोणाची जीभ हलतेय?" मग आवाज खाली आणून, शाबासकी दिल्यासारखी ती पुढे म्हणाली, "पण तुम्ही जे केलंत ते वाचून मी रात्री ह्यांना म्हटलं, बघा, ही रडतकढत बसणारी नाही. कापायचं तिथे कापते. आपल्याला अशीच हवी. चला, म्हातारा थकतो लवकर."

दोघींनी मिळून ताटली धरली. दोघींनी एकदमच सोडली. फरशीवर तिच्या ठिकऱ्या ठिकऱ्या झाल्या आणि घरभर मझल तोवचा कल्लोळ झाला. बायकांनी वाकून तुकडे वेचले. ताटलीचा तुकडा लग्नाच्या वयाच्या मुलीने जवळ ठेवला की तिचंही लवकर जमतं. कोणीतरी एक तुकडा पेर्लच्याही हातात कोंबला. "घ्या, कोणी असेल तुमच्या ओळखीत."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मझालची थोरली, लिओरा, आईची शाल आणि ड्रॉवरमधलं डोकेदुखीचं मलम न्यायला आली. फ्रुमीने तिला ड्रॉवर दाखवला. मुलगी कोणाकडे न बघता पिशवीत भरत होती.

"ओदेलिया?" पेर्लने विचारलं.

"दप्तर गेटवर मिळालं," लिओरा म्हणाली. "मंगळवारी. ती तिथेच उभी होती, शाळा सुटेपर्यंत. तिला वाटलं चुकून बाहेर राहिलंय."

पेर्लने पर्समधून तो तुकडा काढला. काठावर निळी रेघ होती. "हे ठेव जवळ. नशीब उघडतं म्हणतात."

लिओराने तुकड्याकडे पाहिलं. नम्रपणे, मोठ्यांशी बोलावं तसंच बोलली. "आईने सांगितलंय, इथलं आपलं तेवढंच आणायचं." आणि गेली.

पेर्लने तुकडा टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो तळाला आपटून खणकला. मग तिने नवी फाइल उघडली. जन्म, गुरू, ग्रंथ, शिष्य. म्हाताऱ्याने काल हिंदाच्या डोक्यापाशी धरलेला हात तिला आठवला, तो थरथरत नव्हता. तिने ते लिहिलं नाही. शेवटचा परिच्छेद राहिला होता. मग लिहिलं: 'थोरला मुलगा एकटाच उशाशी होता. त्याचा हात हातात घेऊन त्यांनी येशिवाची धुरा त्याच्यावर सोपवली आणि डोळे मिटले.' वाचून पाहिलं. शब्बाथला मेले तरी चालेल, थोरला त्याच घरात राहतो. या वेळी तिने तेवढं तपासलं होतं.

फ्रुमी मागून वाचत होती. "अगंबाई, लिवरंट? इतके आजारी आहेत?"

"नाहीत," पेर्ल म्हणाली, आणि फाइल फ्रीजमध्ये टाकली.